वेदीआधी भावाचे दार

आज पदविका स्वीकारणाऱ्या तरुण मित्रांनो,

आपण पाळकाच्या सेवेत पदार्पण करीत आहात आणि मी त्या सेवेतून निवृत्त झालो आहे. म्हणून ज्या गोष्टी मनात वर्षानुवर्षे साचल्या त्याच आज बोलतो.

आमच्या पेशाविषयीची माझी तक्रार जुनी आहे. तपासणीस येणारे वरिष्ठ बाप्तिस्म्यांची नोंदवही, दानार्पणाचा जमाखर्च आणि मंडळीच्या मिळकतीचे दस्तऐवज बारकाईने पाहत. परंतु प्रभुभोजनाला शेजारी बसणारी माणसे एकमेकांच्या घरी जेवतात की नाही, हे एकानेही कधी विचारले नाही. दप्तर चोख म्हणजे मंडळी जिवंत, ही समजूत तेव्हा रूढ होती आणि अजूनही ती पुरती गेलेली नाही.

मंडळी खरोखर जिवंत कशाने होते, हे मला आपल्या गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावकडच्या एका मंडळीत दिसले. तिथे दोन सख्खे भाऊ होते. धानाच्या वडिलार्जित बांधीतल्या एका धुऱ्यावरून त्यांचा दिवाणी दावा चालला होता. तारखांमागून तारखा पडत, वकिलांची फी जाई, आणि रविवारी दोघेही एकाच बाकाच्या दोन टोकांना बसून उपासना करीत. भावाच्या मनात आपल्याविषयी काही असेल तर अर्पण वेदीपाशीच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा, हा येशूच्या गिरिप्रवचनातील भाग मी एका रविवारी वाचला, तेव्हा थोरला उठून बाहेर गेला. आषाढ सरत आला होता, रोवणीला मजूर मिळत नव्हते, आणि धाकट्याचे पऱ्हे पिवळे पडू लागले होते. दुसऱ्या दिवशी थोरला बायकामुलांसह धाकट्याच्या बांधीत उतरला आणि दिवस मावळेपर्यंत वाकून रोवणी करीत राहिला. दावा पुढे काढून घेण्यात आला. परंतु तो मिटण्यापूर्वीच शिकवण आचरणात आली होती, याचे मोल मला अधिक वाटते.

गिरिप्रवचनाचा विषय निघाला की मला रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवतात. नागपूरहून राजनांदगावला जाताना, म्हणजे आपल्या गोंदियावरून जाणाऱ्या लोहमार्गावर, एका पाश्चात्त्य सहप्रवाशाने त्यांना बायबल दिले. त्यातील गिरिप्रवचनाने त्यांना असे धरून ठेवले की 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे 1917 साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा बंधुसंघ स्थापिला आणि त्याची दारे बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही उघडी ठेवली. परंतु मला अधिक शिकवले ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. पतीच्या धर्मांतराने त्यांचा संसार काही वर्षे दुभंगला. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या या स्त्रीने जातिभेद ईश्वराचा नव्हे, मनुष्याचा आहे असा मनाशी निर्णय केला आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय केला. बाप्तिस्मा त्यानंतरचा. त्यांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना दर वेळी मी या क्रमापाशी थांबतो: आचरण आधी, विधी मागाहून.

आणि आपण? बाप्तिस्म्याला तीन पिढ्या लोटल्यावरही सोयरीक जुळवताना पूर्वीची जात हळूच विचारणारी घरे मी पाहिली आहेत, आणि त्या विवाहांवर आशीर्वाद उच्चारणारे पाळकही पाहिले आहेत. म्हणून माझे एकच आग्रहाचे सांगणे आहे: जी शिकवण तुमच्या स्वयंपाकघरात, सोयरिकीत आणि देण्याघेण्यात उतरलेली नाही, ती व्यासपीठावर चढवू नका. मजुराची मजुरी थकवून क्षमेवर बोलू नका. भावाशी अबोला धरून प्रभुभोजनाची भाकर मोडू नका. गिरिप्रवचन हे केवळ आदर्श आहे, ते संसारात पाळण्यासारखे नाही, असे अनेक जाणते लोक तुम्हांला सांगतील. ते पाळणारी साधी माणसे मी याच जिल्ह्याच्या चिखलात उभी पाहिली आहेत. तुम्हीही ते पाळा, आणि मगच शिकवा.