लॅपटॉप बदलावा की बॅटरी? मुन्शी घाटावरून एक हिशोब



आजचा विषय अगदी घरगुती आहे. लॅपटॉपची बॅटरी दोन तासांत संपते, फॅन सारखा घोंघावतो, आणि मग घरात चर्चा सुरू होते. कुणी म्हणतं बॅटरी बदल, कुणी म्हणतं फॉरमॅट मार, कुणी म्हणतं जाऊ दे, नवाच घे. मी गेल्या वर्षी लॅपटॉप बदलला. बदलण्याआधी कोणते आकडे काढले, आणि बदलल्यावर काय मिळालं, काय गेलं, ते आज सांगते. माझ्या जुन्या आणि नव्या लॅपटॉपचा ब्रँड मात्र सांगणार नाही, कारण उद्या बाजारात वेगळी मॉडेल्स येतील. हिशोब तोच राहील.

मी बोलते आहे वाराणसीच्या मुन्शी घाटावरून. दशाश्वमेधाकडून दक्षिणेला चालत निघालात की अहिल्याबाई घाट लागतो आणि त्याला लागूनच हा. नागपूरकर भोसल्यांच्या दरबारातले श्रीधर नारायण मुन्शी यांनी तो एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला. 1915 मध्ये दरभंग्याच्या राजानं इथला वाडा घेतला, म्हणून शेजारचा भाग दरभंगा घाट झाला. आज त्या वाड्यात हॉटेल आहे. म्हणजे इंदूरच्या होळकरांच्या शेजारी नागपूर, असा हा काशीतला मराठी मुलूख. पण इथल्या पायऱ्यांवर प्लग पॉइंट नाही, हे आजच्या विषयासाठी जास्त महत्त्वाचं.

माझं काम असं, की काशीत पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी घरांतल्या वडीलधाऱ्यांची बोली मी रेकॉर्ड करते. ही घरं इथं फार जुनी आहेत. शिवाजी महाराजांच्या 1674 च्या राज्याभिषेकाला काशीहून रायगडावर गेलेल्या गागाभट्टांचं घराणं मूळचं पैठणचं. आजही ब्रह्मा घाट, दुर्गा घाट या भागात मराठी ऐकू येतं, पण घरात अस्खलित बोलणारी माणसं आता बहुतेक सत्तरीपुढची. सकाळी मी कुणाच्या तरी घरी असते आणि दुपारनंतर घाटावर बसून ऐकलेलं उतरवून काढते.

तुम्ही म्हणाल, आवाज रेकॉर्ड करायला लॅपटॉप कशाला? रेकॉर्डर वेगळाच असतो. पण नुसतं "बोला" म्हटलं की माणसं बोलत नाहीत. मी त्यांच्या घरातले जुने फोटो स्कॅन करून लॅपटॉपवर मोठे करून दाखवते. फोटो बघता बघता गोष्टी निघतात. म्हणजे लॅपटॉप आमच्या दोघींच्या मधोमध, आणि माइकही तिथंच.

एका आजींनी फॅनचा आवाज ऐकून विचारलं होतं, "अगं, हे तुझं यंत्र दमलंय का? किती धापा टाकतंय!"

आम्ही दोघी हसलो, पण या धापांची किंमत मोठी होती. मराठीत 'च' दोन आहेत. 'चार'मधला एक आणि 'चाक'मधला दुसरा. 'चमचा' या एकाच शब्दात दोन्ही येतात. हिंदीत हा दुसरा, दातांजवळचा 'च' नाही. मग आयुष्यभर हिंदी आणि भोजपुरीच्या शेजारात राहिलेल्या माणसानं तो जपला आहे की सोडला आहे? बोलीच्या अभ्यासात हा मोठा प्रश्न आहे. आणि या दोन 'च'मधला फरक असतो तो जिभेपाशी होणाऱ्या हवेच्या बारीक घर्षणात. फॅनचा आवाजसुद्धा हवेचाच. तो नेमका त्या घर्षणावर बसतो. नंतर सॉफ्टवेअरनं आवाज पुसायला गेलं, तर फॅनबरोबर स, श, च, ज यांची धारही पुसली जाते. नव्वदीच्या माणसाकडे "पुन्हा एकदा सांगा ना" म्हणून किती वेळा जाणार?

तेव्हा माझी गरज दोन वाक्यांत मांडता येत होती. खोलीत शांत असणारं यंत्र हवं, आणि प्लगशिवाय सहा तास चालणारं हवं. तुमची गरज वेगळी असेल. पण पहिली पायरी हीच: गरज तासांत लिहून काढा. "चांगली बॅटरी" ही गरज नव्हे, "सहा तास" ही गरज.

आता हिशोब. बॅटरी किती वेळ टिकते हे दोन आकड्यांवर ठरतं. एक, टाकीत किती आहे. दोन, तासाला किती जळतं. टाकी वॉट-अवरमध्ये मोजतात आणि खर्च वॉटमध्ये. टाकीला खर्चानं भागलं की तास मिळतात.

टाकी बघणं सोपं आहे. विंडोजमध्ये बॅटरी रिपोर्ट काढायची एका ओळीची आज्ञा असते, मॅकमध्ये सेटिंगमध्येच बॅटरीची तब्येत दिसते. कंपनीतून आली तेव्हाची क्षमता आणि आजची क्षमता, दोन्ही कळतात. माझ्या जुन्या लॅपटॉपची मूळ क्षमता होती 42 वॉट-अवर. उरली होती 25. म्हणजे साठ टक्के.

खर्च बघायची पद्धत याहून सोपी. पूर्ण चार्ज करा, प्लग काढा, तुमचं रोजचं काम एक तास करा आणि किती टक्के उतरली ते बघा. माझी तासाभरात 56 टक्के उतरली. 25 वॉट-अवरचे 56 टक्के म्हणजे 14. माझा लॅपटॉप तासाला 14 वॉट-अवर खात होता. 25 भागिले 14, म्हणजे पावणेदोन तासांच्या आसपास.

आता खरी गंमत बघा. नवी बॅटरी घातली असती तर 42 भागिले 14, म्हणजे तीन तास. मला हवेत सहा. बॅटरी बदलून टाकी भरते, पण गळती थांबत नाही. आणि फॅन तर नव्या बॅटरीनंतरही तसाच घोंघावणार. कारण चिप जेवढी वीज खाते, तेवढी जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते आणि ती हाकलायला फॅन फिरतो. बॅटरी लवकर संपणं आणि फॅनचा आवाज, या आपल्याला दोन तक्रारी वाटतात. बहुतेक वेळा दुखणं एकच असतं: वॉट.

मग वॉट कमी करता येतात का? काही प्रमाणात येतात आणि ते आधी करून बघावं. चिपचा वेग वाढवायचा तर तिला व्होल्टेजही जास्त द्यावं लागतं, आणि खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतो. म्हणून शेवटचा थोडासा वेग फार महाग पडतो. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा 100 ऐवजी 99 टक्के केली, की बहुतेक लॅपटॉपमध्ये टर्बो बंद होतो. टायपिंगला फरक जाणवत नाही, उष्णता मात्र उतरते. फॅनचंही गणित तसंच आहे. फॅनचा वेग दुप्पट झाला की आवाज साधारण 15 डेसिबलनं वाढतो. म्हणून उष्णता थोडी कमी झाली तरी कानाला मोठा फरक कळतो.

दुसरं, साफसफाई. आत धूळ बसते, चिपवरची थर्मल पेस्ट काही वर्षांत सुकते. दुरुस्तीवाल्याकडे लॅपटॉप उघडून साफ करून, नवी पेस्ट लावून घेता येते. नव्या लॅपटॉपच्या किमतीपुढे तो खर्च काहीच नाही. मी हे दोन्ही केलं. खर्च 14 वरून 11 वॉटवर आला. लिहिताना फॅन जवळजवळ गप्प झाला. इथं माझी गरज जवळपास चार तासांची असती, तर मी नवी बॅटरी घालून विषय संपवला असता: 42 भागिले 11, म्हणजे पावणेचार तासांपेक्षा थोडं जास्त. हे मुद्दाम सांगते, कारण ऐकणाऱ्यांपैकी अनेकांचा विषय इथंच संपेल आणि संपावा. पण मोठे फोटो उघडले की फॅन पुन्हा सुरू व्हायचा, आणि सहा तास काही होत नव्हते.

इथल्या नावांचं बघा. 2021 पासून वाराणसीत डिझेलच्या नावांना सीएनजी इंजिन बसवायचं काम सुरू झालं. धूर कमी, घरघर कमी. पण नावाड्यानं नाव मोडीत काढली नाही. नाव तीच, इंजिन नवं. लॅपटॉपमध्ये हे जमत नाही, कारण प्रोसेसर बोर्डाला सोल्डर केलेला असतो. बॅटरी, फॅन, पेस्ट, पुष्कळ मॉडेलमध्ये एसएसडी, एवढं बदलता येतं. इंजिनच खादाड असेल तर नाव बदलावी लागते.

इंजिनं मात्र खरोखर बदलली आहेत. यातल्या अनेक चिपमागे एआरएम नावाची रचना आहे. ती इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत जन्मली. 1985 मध्ये पहिली चिप तपासताना अभियंत्यांना विजेचा मीटर शून्य दाखवत होता, तरी चिप चालत होती! वीजपुरवठा जोडलेलाच नव्हता. बाजूच्या सिग्नलच्या तारांमधून झिरपणाऱ्या विजेवर ती काम करत होती. तीच रचना पुढं आपल्या मोबाइलमध्ये आली. नोव्हेंबर 2020 मध्ये अॅपलनं एम1 चिप आणली आणि मॅकबुक एअरमधून फॅनच काढून टाकला. जून 2024 मध्ये क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन एक्स चिपचे विंडोज लॅपटॉप आले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इंटेलनं ल्युनर लेक आणून दाखवलं की जुन्या रचनेतही वीज वाचवता येते. तेव्हा नुसत्या नावावर जाऊ नका. मघाशी सांगितलेला एक तासाचा प्रयोग मित्राच्या लॅपटॉपवर करून बघा.

मी फॅन नसलेला लॅपटॉप घेतला. बॅटरी 52 वॉट-अवरची, माझ्या कामाला खर्च सहा वॉटच्या आसपास. साडेआठ तास होतात. रेकॉर्डिंगमध्ये आता आजींच्या बांगड्या ऐकू येतात, खालच्या गल्लीतली सायकलची घंटी ऐकू येते, आणि 'च' ऐकू येतो.

पण गेलं काय, तेही सांगते. एक, मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये केलेल्या माझ्या कितीतरी फायली आहेत, आणि ते सॉफ्टवेअर डाँगल लावल्याशिवाय उघडत नाही. एआरएम चिपच्या विंडोजवर जुने प्रोग्रॅम बरेचसे चालतात, पण डाँगल, स्कॅनर, प्रिंटर यांचे ड्रायव्हर त्या चिपसाठी वेगळे लागतात. ते नसतील तर वस्तू निरुपयोगी. म्हणून लॅपटॉप बदलण्याआधी जुन्या फायली जुन्याच यंत्रावर युनिकोडमध्ये करून घ्या. छापखाना, शाळा, वकिली, जिथं जिथं जुने मराठी फॉन्ट आहेत, तिथं हे आधी. दोन, रॅम पुढं वाढवता येत नाही, त्यामुळे घेतानाच पुरेशी घ्यावी लागते आणि ती महाग पडते. तीन, फॅन नाही म्हणजे उष्णता नाही असं नव्हे. तासन् तास व्हिडिओ एडिटिंग केलं तर चिप स्वतःचा वेग कमी करते. ज्यांचं तेच काम आहे त्यांनी फॅनवालाच घ्यावा आणि हेडफोन लावावा.

आता नव्या बॅटरीची निगा. लिथियम-आयनला उष्णता सोसत नाही, आणि सतत शंभर टक्के भरलेलं राहणंही सोसत नाही. दोन्ही एकत्र आलं तर फारच वाईट. बहुतेक कंपन्या 35 अंशांपर्यंतच्या हवेत लॅपटॉप वापरा असं सांगतात. काशीचा मे महिना तुम्हाला माहीत आहे, नागपूरकरांना तर वेगळं सांगायलाच नको. उन्हाळ्यात मी घाटावर सकाळीच बसते, तापलेल्या दगडावर लॅपटॉप ठेवत नाही, बंद गाडीत सोडत नाही, आणि चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवायची सेटिंग चालू ठेवते.

आणि जुना लॅपटॉप? तो कचऱ्यात गेला नाही. शेजारच्या एका मुलीच्या टेबलावर आहे, नवी बॅटरी घालून, बहुतेक वेळ प्लगवर. तिला सहा तास नकोत, आणि तिच्या अभ्यासात फॅनची अडचण नाही. यंत्र तेच, गरज वेगळी, म्हणून तिच्यासाठी ते चांगलंच आहे. काढलेली जुनी बॅटरी मात्र घरच्या कचऱ्यात टाकू नका. फुगलेली असेल तर दाबू नका, टोचू नका, ती पेट घेऊ शकते. 2022 च्या ई-कचरा आणि बॅटरी-कचरा नियमांनुसार अशा वस्तू गोळा करून त्यांची विल्हेवाट लावायची जबाबदारी उत्पादकांवर आहे. सर्व्हिस सेंटरला विचारा, नोंदणीकृत रीसायकलरकडे द्या.

आज रात्री एवढंच करा. क्षमता बघा, एक तास काम करून खर्च काढा, भागाकार करा आणि शेजारी तुमची गरज लिहा. नवी बॅटरी घालून उत्तर गरजेएवढं येत असेल, तर नव्या लॅपटॉपचे पैसे वाचले. येत नसेल, तर निदान कशासाठी पैसे देतो आहोत हे तुम्हाला ठाऊक असेल.

तुमचे आकडे जरूर कळवा. आणि तुमच्या घरात महाराष्ट्राबाहेर वाढलेली, मराठी बोलणारी आजी किंवा आजोबा असतील, तर एक शांत खोली बघा, फॅन बंद करा आणि त्यांना बोलतं करा.