मणक्यातील मूक अस्थिभंग



बंगळुरूच्या पूर्वेकडील महादेवपुरा 2007 साली बृहत् बंगळुरू महानगरपालिकेत विलीन झाले. व्हाइटफील्ड परिसरातील माहिती तंत्रज्ञान उद्योगामुळे देशभरातील तरुण येथे स्थायिक झाले. पाठोपाठ त्यांचे आईवडीलही आले. त्यांत मराठी भाषकही आहेत. जुने डॉक्टर आणि तपासण्यांचे कागद गावीच राहतात. मग पाठदुखीला ‘वय झाले’ हे एकच कारण पुरते.

वस्तुतः मणक्यांच्या अस्थिभंगांपैकी सुमारे दोन-तृतीयांश अस्थिभंग वेळेवर लक्षात येत नाहीत. त्यासाठी पडावेच लागते असे नाही. वाकून पाण्याची बादली उचलतानाही ठिसूळ मणका दबू शकतो. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा चाचणीत असा मणका कित्येकदा अनपेक्षितपणे दिसतो.

येथेच फसगत संभवते. दबलेल्या मणक्यातील खनिज कमी क्षेत्रफळात एकवटते आणि घनतेचा आकडा प्रत्यक्षाहून चांगला येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1994 च्या निकषानुसार टी-स्कोअर उणे 2.5 किंवा त्याहून कमी असल्यास ऑस्टिओपोरोसिस मानतात. परंतु आकडा याहून बरा असूनही किरकोळ ताणाने मणका मोडला असेल, तर हाडाची दुर्बलता स्वयंस्पष्ट आहे. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात, मणक्याचा नवा अस्थिभंग झालेल्या रजोनिवृत्त स्त्रियांपैकी सुमारे 19 टक्के स्त्रियांचा आणखी एक मणका वर्षभरातच मोडला. म्हणून पहिला अस्थिभंग ही पूर्वसूचना समजावी.

अर्थात, दबलेला प्रत्येक मणका ऑस्टिओपोरोसिसचाच नसतो. क्षयरोग वा कर्करोगाची शक्यताही तपासावी लागते. अनेक डेक्सा यंत्रांवर कण्याची बाजूने प्रतिमा घेता येते. शंका आल्यास ती अथवा साधा एक्स-रे काढावा. तरुणपणीच्या तुलनेत उंची 4 सेंटिमीटर किंवा अधिक घटली असल्यास तपासणी टाळू नये. त्यासाठी जुन्या उंचीची नोंद जपावी.

2011 च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील नागरिक 10 कोटींहून अधिक होते. ज्येष्ठांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रमही 2010-11 मध्ये सुरू झाला. तथापि यंत्राला दिसलेला अस्थिभंग अहवालाच्या निष्कर्षात स्पष्ट लिहिला गेला आणि डॉक्टरांनी तो कुटुंबाला समजावून सांगितला, तरच औषधोपचार, पुरेसे कॅल्शियम, योग्य व्यायाम आणि घरात न पडण्याची दक्षता वेळेवर सुरू होईल. अहवाल हाती घेताना केवळ आकडा न पाहता ‘मणके शाबूत आहेत का?’ हा प्रश्न प्रत्येक घराने अवश्य विचारावा.