कल्पनेतील राण्या आणि चुलीचा प्रश्न
(अभ्यासवर्गातील भाषण)



अद्भुतकथा म्हणजे रिकामटेकड्यांचा विरंगुळा, अशी चळवळीतील पुष्कळांची समजूत असते. ती पुरती खरी नाही. वास्तववादी कादंबरीकाराचे हात भोवतालच्या समाजस्थितीने बांधलेले असतात. खेड्यातील स्त्री पहाटे उठून दळण दळत असेल, तर त्याला ती तशीच दाखवावी लागते. अद्भुतकथेच्या लेखकाला ही सबब उपलब्ध नाही. तो आकाशात दोन सूर्य उगवू शकतो, पर्वताला बोलते करू शकतो, मृताला उठवू शकतो. एवढे स्वातंत्र्य हाती असूनही त्याच्या राज्यात खरकटी भांडी बाईच घासत असेल, तर तो निसर्गाचा नियम नव्हे. लेखकाच्या मनात घर करून बसलेल्या समाजाचा नियम होय. म्हणून काल्पनिक समाजाची परीक्षा करताना सिंहासनावर कोण बसले आहे एवढे पाहून भागत नाही. चुलीपाशी कोण आहे आणि मूल कोणाच्या कडेवर आहे, हेही विचारावे लागते.

स्त्रीराज्याची कल्पना मराठी मनाला नवी नाही. जैमिनीच्या अश्वमेधकथेत अर्जुन यज्ञाच्या घोड्यामागून प्रमिलेच्या राज्यात पोहोचतो. प्रमिला घोडा अडवते, अर्जुनाला आव्हान देते. पण कथेचा शेवट तिच्या विजयात होत नाही, अर्जुनाशी तिच्या विवाहात होतो. १८१९ साली रचलेल्या ‘नवनाथ भक्तिसारा’त मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात गुंततात आणि गोरक्षनाथ त्यांना सोडवून आणतात. १९३२ साली कोल्हापूरच्या ‘प्रभात’ने याच कथेवर ‘माया मच्छिंद्र’ हा बोलपट काढला आणि दुर्गाबाई खोटे त्यात राणी झाल्या. या कथांतले स्त्रीराज्य हा समाज नसून सापळा आहे. तेथे शेती कोण करते, न्याय कसा चालतो, मुली काय शिकतात, याचे कथेला कुतूहल नाही. पुरुष त्यात कसा अडकतो आणि कसा सुटतो, एवढाच तिचा प्रश्न आहे.

हा डाव १९०५ साली याच देशात उलटवला गेला. मद्रासच्या ‘द इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये रोकेया सखावत हुसेन या बंगाली मुस्लिम लेखिकेची ‘सुलतानाज ड्रीम’ ही इंग्रजी कथा प्रसिद्ध झाली. रोकेयांना शाळेचे तोंड पाहता आले नव्हते. बहीण आणि भाऊ यांच्या मदतीने त्या घरीच बंगाली व इंग्रजी शिकल्या. त्यांच्या कथेतील ‘लेडीलँड’मध्ये पुरुष मर्दान्यात बंद आहेत आणि राज्यकारभार स्त्रियांच्या हाती आहे. ही सत्ता जादूच्या कांडीने आलेली नाही, हे विशेष. राणीने आधी मुलींच्या शाळा काढल्या आणि एकवीस वर्षांच्या आत लग्नाला बंदी केली. स्त्रियांच्या एका विद्यापीठाने ढगांतले पाणी खेचले, दुसऱ्याने सूर्याची उष्णता साठवली. पुरुष तेव्हा लष्कर वाढवण्यात गर्क होते आणि या संशोधनाची चेष्टा करीत होते. पुढे युद्धात लष्कर हरले तेव्हा त्याच उष्णतेचा झोत शत्रूवर सोडून स्त्रियांनी देश वाचवला.

परंतु कथेतील खरी क्रांती रणांगणावर घडत नाही. ती स्वयंपाकघरात घडते. तेथे धूर नाही, कोळसा नाही. अन्न सूर्याच्या उष्णतेवर शिजते. बाहेरून स्त्री पाहुणी येणार म्हणून त्या स्वयंपाकघरातील पुरुषांना बाजूला व्हायला सांगण्यात येते. सत्ता, विज्ञान आणि चूल ही तिन्ही एकाच साखळीचे दुवे आहेत, हे रोकेयांनी ओळखले होते. ज्या काळात १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीचे वय बारापर्यंत नेताच केवढे वादळ उठले होते, त्या काळात एकवीस वर्षांची अट कल्पिणे हे धैर्याचे काम होते. १९२९ च्या सारडा कायद्यानेही मुलीच्या लग्नाचे वय चौदापर्यंतच नेले. आणि रोकेया स्वप्नावर थांबल्या नाहीत. १९११ साली त्यांनी कलकत्त्यात आठ मुलींना घेऊन शाळा सुरू केली.

या कथेच्या मर्यादाही स्पष्ट बोलल्या पाहिजेत. पडदा कायम राहतो, फक्त त्याच्या आतली आणि बाहेरची माणसे बदलतात. गादीही कायम राहते, तिच्यावर राणी येते. उपहासाचे शस्त्र म्हणून ही उलटापालट अचूक आहे. पुरुषाला कोंडणे हास्यास्पद वाटत असेल तर स्त्रीला कोंडणे का वाटू नये, असा तिचा बिनतोड सवाल आहे. नव्या समाजाचा आराखडा म्हणून मात्र ती पुरी पडत नाही. शार्लट पर्किन्स गिलमन या अमेरिकन लेखिकेच्या ‘हरलँड’ (१९१५) या कादंबरीत केवळ स्त्रियांचा देश आहे आणि तेथे बालसंगोपन ही साऱ्या समाजाची जबाबदारी आहे. तथापि तेथील स्त्रिया आर्य वंशाच्या असल्याचे सांगण्याचा मोह लेखिकेला आवरला नाही. स्त्रीची सत्ता आली म्हणजे वंशाची आणि वर्गाची उतरंड आपोआप मोडते, हा भ्रम आहे.

अलीकडच्या अद्भुतकथांत तलवारधारी नायिका मुबलक आढळतात, मग तक्रार कशाची, असे कोणी विचारील. टॉल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४–५५) मधील एओविन पाहावी. पुरुष युद्धाला जाताना मागे राहिलेल्या प्रजेचा भार तिच्यावर सोपवतात. वस्तुतः हेच नेतृत्व. परंतु कथेत त्याला पिंजऱ्याची कळा आहे. कीर्ती तिला मिळते ती पुरुषवेषात रणांगणावर जाऊन शत्रूच्या सेनापतीला मारल्यावर. म्हणजे नेतृत्वाचे माप पुरुषाचेच राहते आणि स्त्रीने त्या मापात बसावे एवढीच सवलत मिळते.

हे माप बदलण्याचा प्रामाणिक प्रयत्न उर्सुला ले ग्वीन यांनी केला. ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ (१९६९) मध्ये त्यांनी असा ग्रह कल्पिला की जेथे माणसे कायमची स्त्री वा पुरुष नसतात. कोणालाही गर्भ राहू शकतो, राजालासुद्धा. बाळंतपण कोणाच्याही वाट्याला येऊ शकते, तेव्हा त्याच्या नावाने कोणा एका वर्गाला घरात बांधता येत नाही. त्यांच्याच ‘अर्थसी’ मालिकेच्या पहिल्या कादंबरीत (१९६८) मात्र जादूची विद्या मुलग्यांनाच मिळते आणि स्त्रियांची जादू हलकी मानली जाते. दोन दशकांनी, १९९० च्या ‘तेहानू’मध्ये, त्या त्याच जगात परतल्या आणि त्यांनी ते एका शेतकरी विधवेच्या नजरेने पाहिले. शक्ती गमावलेला महाजादूगार तेथे जेवणानंतर भांडी घासतो. विधवेच्या तरुण मुलाला मात्र ते बायकांचे काम वाटते. ड्रॅगनांच्या जगातील हा प्रसंग अनेक राज्याभिषेकांहून मोलाचा आहे.

आता या कसोटीवर वास्तवही घासून पाहणे प्राप्त आहे. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतींत स्त्रियांना किमान एकतृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ साली हे प्रमाण निम्म्यावर नेले. जुन्या कथाकारांना जे स्त्रीराज्य दूरदेशी कल्पावे लागले, त्याचा अर्धा भाग गावोगावच्या चावडीवर आला. त्यातून अनेक कर्तबगार स्त्रिया पुढे आल्या, हे निर्विवाद. पण खुर्ची बाईची आणि कारभार नवऱ्याचा, हा प्रकारही कार्यकर्त्यांच्या परिचयाचा आहे. त्यावर बाईच्या अज्ञानाला दोष देणे सोपे असते. सभेच्या वेळी भाकरी कोण थापते, याचे उत्तर शोधणे अवघड असते.

१९७२ साली मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. चुलीपाशी शिकलेले अर्थशास्त्र हेही राज्य चालवण्याचे ज्ञान आहे, हे त्यांनी सिद्ध केले. लाटणे रस्त्यावर आले. पण संध्याकाळी ते पुन्हा कोणाच्या हातात गेले, हा प्रश्न चळवळीने पुरेसा विचारला नाही.

समतेची भाषा बोलणाऱ्या संघटनेने तो स्वतःपासून विचारावा. शिबिरात चहा कोण करते? बैठक रात्री नऊला ठेवताना लहान मुले असलेल्या कार्यकर्तीचा विचार होतो काय? ठराव मांडणाऱ्यांच्या यादीत जितकी पुरुषांची नावे असतात, तितकी वाढप्यांच्या आणि भांडी घासणाऱ्यांच्या यादीत असतात काय? रोकेयांनी १९०५ साली स्वयंपाकघरात पुरुष उभे केले ते स्वप्नात. पुढच्या शिबिरात ते उभे करण्यासाठी जादूची गरज नाही. कामाची वाटणी करणारा एक तक्ता आणि तो पाळण्याची दानत, एवढे पुरेसे आहे.