सोफिया आणि आपा



ऑक्टोबर २०१७ मध्ये रियाधमधल्या एका परिषदेत सौदी अरेबियाने ‘सोफिया’ या रोबोटला नागरिकत्व जाहीर केलं. तेव्हा तिथल्या बायकांना गाडी चालवायची मुभा नव्हती. परदेशी जायला घरातल्या पुरुषाची परवानगी लागायची. सोफिया मात्र व्यासपीठावर डोकं न झाकता बोलत होती.

सोफियाला जाणीव नव्हती. पण उद्या खरंच जाणीव असलेलं मशीन आलं, तर त्याला माणसाच्या बरोबरीचं मानायचं का?

मी प्रोग्राम लिहितो. ‘मला दुखतंय’ असं मशीन सहज लिहितं. माणसांच्याच लिखाणावर ते शिकलेलं असतं. तेवढ्याने वेदना सिद्ध होत नाही. पण ती सिद्ध झाली, तर मशीनला छळू नये असा कायदा मी मागेन. मताचा हक्क मात्र देणार नाही. एका प्रोग्रामच्या हजार नकला मी काही मिनिटांत काढतो. मग मतं किती मोजायची, एक की हजार? ‘एक व्यक्ती, एक मत’ हा पायाच ढासळतो.

म्हणजे संरक्षण हो, बरोबरी नाही. एवढं ठामपणे सांगतो आणि इथेच अडखळतो. मागच्या वर्षी अब्बांच्या घराची वाटणी झाली. आपाला माझ्या निम्मा हिस्सा मिळाला. ती गप्प होती. मी सही केली.

मशीनची जाणीव अजून सिद्ध व्हायची आहे. आपाच्या जाणिवेला कसला पुरावा लागतो? माझ्या हिश्श्यातून बरोबरी होईल एवढं मी तिला हिबा करतोय. मशीनच्या समानतेवर बोलण्याआधीच ते करायला हवं होतं.