पाटी कोणाची?



दुकानदाराने आपल्या दुकानाची पाटी बदलली तर गिऱ्हाइकाने रागवावे काय? कोणीही म्हणेल, मुळीच नाही. पण विमानतळाची पाटी ही दुकानाची पाटी आहे काय, एवढाच प्रश्न आज आम्ही आपल्यापुढे ठेवणार आहोत.

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळाला १९९९ साली शिवछत्रपतींचे नाव मिळाले. २०१८ साली त्यात 'महाराज' हा शब्द आला. २०२१च्या जुलैत व्यवस्थापन अदानी समूहाकडे गेले. ऑगस्टमध्ये 'अदानी एअरपोर्ट' असा फलक दिसला आणि शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी त्याची मोडतोड केली. कंपनीने खुलासा केला, तो असा : आधीच्या कंपनीचा फलक होता तेथे आमचा आला, विमानतळाचे नाव आहे तेच आहे.

खुलासा कागदोपत्री बिनचूक होता. मग लोक का चिडले? मराठी माणूस भावनाप्रधान, असे म्हणून हा प्रश्न निकालात काढणाऱ्यांनी जरा इंग्रजांकडे पाहावे. ते तर व्यवहारी म्हणून नावाजलेले.

ब्रिटिश एअरवेज ही सरकारी कंपनी. १९८७ साली ती खाजगी भागधारकांना विकली, ती मार्गारेट थॅचर यांच्याच सरकारने. १९९७ साली कंपनीने विमानांच्या शेपटांवरील राष्ट्रध्वजाचे रंग काढून देशोदेशींच्या कलावंतांची चित्रे रंगवायला घेतली. गिऱ्हाईक जगभरचे, तर रूपही जगाचे असावे, हा तिचा हिशेब. त्याच वर्षी पक्षाच्या परिषदेत थॅचरबाईंनी तशा विमानाची प्रतिकृती पाहिली आणि तिच्या शेपटावर आपला हातरुमाल झाकला! अखेर २००१ साली सर्व विमानांवर पुन्हा ध्वजाचे रंग आणण्याचे ठरले.

गंमत पाहा. ज्या बाईंनी कंपनी विकली, त्यांनाच तिचे चिन्ह विकले गेले असे वाटेना. आम्हांला यातले मर्म असे दिसते की, समभाग विकता येतात, व्यवस्थापन सोपवता येते. पण लोकांनी वर्षानुवर्षे आपले मानलेले नाव त्या खरेदीखतात लिहिलेले नसते. म्हणून नव्या मालकाने पाटी लावण्यापूर्वी लोकांशी दोन शब्द बोलावेत. त्यात त्याचा काही तोटा नाही.

पण आम्ही केवळ मालकालाच शहाणपण शिकवणार नाही. फलक फोडणे हे उत्तर नव्हे. ज्या नावाचा आपल्याला एवढा अभिमान, त्या विमानतळावर आपण मराठीतून चौकशी करतो काय? रांग मोडताना, कचरा टाकताना ते नाव आपल्याला आठवते काय? पाटी एका दिवसात फोडता येते. नाव राखायचे तर ते रोज राखावे लागते.