ट्रॅकची गाडी कशी निवडावी, आणि कोणी?

(धुळे आणि जळगावच्या स्त्री-गटांच्या एकत्र बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आजच्या विषयपत्रिकेवर पोटगी, रेशनकार्ड आणि त्याखाली 'रेसची गाडी' असं वाचून काहीजणी हसल्या. हसू येणं साहजिक आहे. तरी हा विषय मी मागून घेतला आहे. मी धुळ्यात बायकांना गाडी चालवायला शिकवते. माझ्याकडे शिकलेली एक मुलगी सध्या जळगावला नोकरी करते. तिने पगारातून सहा लाख रुपये साठवले आहेत आणि तिला फक्त ट्रॅकवर चालवण्यासाठी गाडी घ्यायची आहे. आईचं म्हणणं, सोनं घे. काका म्हणतात, लग्न झाल्यावर बघू. भाऊ म्हणतो, घ्यायचीच तर जुनी पण मोठी, लाल स्पोर्ट्स कार घेऊ. मी चालवीन, तू शेजारी बस. तिने मला विचारलं, "ताई, कोणती घेऊ?" घरात सगळे 'कशाला' एवढंच विचारत होते. मी आधी 'कोणती'चं उत्तर देते, 'कशाला'कडे नंतर येते.

ट्रॅक म्हणजे वळणावळणांचा बंदिस्त रस्ता. समोरून वाहन येत नाही, कडेला गुरं नाहीत, प्रत्येक वळणावर झेंडा घेतलेला माणूस उभा असतो आणि अँब्युलन्स तयार असते. आपल्या खानदेशात असा ट्रॅक नाही. धुळ्याहून आग्रा रोडने बिजासन घाट चढून मऊकडे गेलं की पिथमपूरला ११.३ किलोमीटरचा मोठा ट्रॅक आहे. तो २०२१ मध्ये सुरू झाला, पण मुळात गाड्यांच्या चाचण्यांसाठी बांधलेला आहे. आपण गाडी नेली आणि चार फेऱ्या मारल्या, असं तिथे होत नाही. शिकायला कोल्हापूरला छोट्या कार्ट गाड्यांचा ट्रॅक आहे. खऱ्या शर्यतीचे ट्रॅक लांब आहेत. चेन्नईजवळचा १९९० पासूनचा, कोइम्बतूरजवळचा २००३ पासूनचा, आणि दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाचा, जिथे २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वनची शर्यत झाली.

म्हणून गाडी निवडताना पहिला प्रश्न वेगाचा नाही, ती तिथे पोचणार कशी याचा आहे. नुसती ट्रॅकसाठी तयार केलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. आतल्या सीट काढल्या, लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवला, की ती नोंदणीतल्या गाडीसारखी राहत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असे बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलं. पिंजऱ्याचं आणखी एक आहे. हेल्मेट घालून बसलेल्या बाईला तो वाचवतो. हेल्मेटशिवाय बाजारात निघालेल्या बाईचं डोकं त्याच पाइपावर आपटू शकतं. तेव्हा अशी गाडी ट्रकवर चढवून न्यायची, आणि ते भाडं पहिल्या दिवसापासून हिशेबात धरायचं. नेहमीचा गाडीचा विमा शर्यतीला लागू होत नाही, हेही आधीच वाचून ठेवायचं.

आता गाडी. दुकानदार आधी इंजिनाची ताकद सांगतो. आपण आधी वजन विचारायचं. रावेरहून केळी भरून निघालेला ट्रक घाट उतरताना तुम्ही पाहिला आहे. ड्रायव्हर खालच्या गिअरमध्ये हळूहळू उतरतो. नुसत्या ब्रेकवर उतरला तर ब्रेक तापतात आणि ऐनवेळी धरत नाहीत. ट्रॅकवर प्रत्येक वळणाआधी हाच प्रसंग असतो. वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा चौपट होते, आणि ती सगळी ब्रेकमध्ये उष्णता होऊन जिरवायची असते. जितकी गाडी जड, तितके ब्रेक जास्त तापतात, टायर लवकर झिजतात, पेट्रोल जास्त जातं. हलकी गाडी नवशिक्या बाईच्या चुका पोटात घालते. जड आणि ताकदवान गाडी त्या चुका मोठ्या करून दाखवते.

जगात ट्रॅकवर फार मोठ्या संख्येने धावलेली स्पोर्ट्स कार म्हणजे माझदाची एमएक्स-५. १९८९ साली ती आली तेव्हा दोन सीट, साधारण एक टन वजन आणि बेताचं इंजिन, एवढाच तिचा ऐवज होता. ती भारतात विकली जात नाही, आणि पोर्शे ९११ जीटी३ सारखी गाडी कोटींच्या घरात जाते. पण आपल्याकडच्या शर्यतीही साध्या गाड्यांवरच वाढल्या. मारुती एस्टीम १९९४ ते २००७ बाजारात होती. घरोघरची गाडी, पण हलकी, म्हणून ती वर्षानुवर्षं ट्रॅकवर पळाली. चाकणला बनलेल्या फोक्सवॅगन पोलोची तर २०१० पासून वेगळी शर्यतमालिकाच होती. कोइम्बतूरकडच्या एका सीटच्या एलजीबी फॉर्म्युला गाड्यांत मारुती स्विफ्टचं इंजिन बसवतात. म्हणून मी त्या मुलीला सांगितलं, जुनी, हलकी, हाताने गिअर टाकायची स्विफ्ट किंवा पोलो बघ. जिचे सुटे भाग जळगावच्या कोणत्याही गॅरेजला माहीत आहेत, तीच घे. पोलोचं उत्पादन २०२२ मध्ये थांबलं, तेव्हा भागांची चौकशी करूनच घे. खालून गंज बघ, अपघातात चासी वाकलेली नाही ना बघ. रंग शेवटी.

गाडी घरी आली की इंजिनाला हात लावायचा नाही. आधी ब्रेक ऑइल बदलायचं. डॉट-३ प्रतीचं नवं ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट-४ निदान २३० पर्यंत. पण ते हवेतली ओल ओढून घेतं, आणि जुनं झालं की हा आकडा १४० आणि १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. ऑइल उकळलं की पेडल मऊ पडतं, पाय तळाला जातो आणि गाडी थांबत नाही. मग ब्रेकचे पॅड, मग चांगले टायर, मग रेडिएटर. भुसावळ-जळगावचा मे महिना आपण जाणतो. त्या उन्हात नुसती उभी गाडीही तापलेली असते. उन्हाळ्यात दोन-तीन जोरदार फेऱ्या, मग एक फेरी सावकाश, असं गाडीला श्वास घेऊ देत चालवायचं.

यानंतरची गोष्ट शोरूममध्ये कोणी सांगत नाही. गाडी बाईच्या मापाची आहे का? टक्करीच्या चाचणीत वापरतात तो नेहमीचा पुतळा १९७० च्या दशकात सरासरी अमेरिकन पुरुषाच्या मापाने बनला. बाईचा म्हणून वापरला जाणारा पुतळा त्याचीच लहान आवृत्ती होती. सरासरी बाईच्या शरीराचा पुतळा स्वीडनच्या संशोधकांनी दाखवला तो २०२२ मध्ये, तोही मागून बसणाऱ्या हलक्या धडकेपुरता. अमेरिकेच्या व्हर्जिनिया विद्यापीठाचा २०११ चा अभ्यास सांगतो की सारख्याच अपघातात, पट्टा बांधलेला असूनही, चालक बाईला गंभीर इजा होण्याची शक्यता पुरुषापेक्षा ४७ टक्के जास्त आढळली. हा दोष बाईच्या ड्रायव्हिंगचा नाही, माप घेणाऱ्यांचा आहे.

तेव्हा पैसे देण्याआधी गाडीत बसून बघायचं. पाठ सीटला टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. उशी पाठीशी घेऊन भागवायचं नाही. वळणावर उशी सरकते आणि तिच्यासोबत आपणही. सीट बदलून, खाली-पुढे बसवून घ्यायची. शर्यतीचा पट्टा खांद्यांवरून छातीच्या मधोमध यावा, कमरेचा भाग पोटावर न येता हाडावर बसावा. कपडे सुती, नायलॉन आगीत वितळून अंगाला चिकटतं. ओढणी बाहेर ठेवायची. इसाडोरा डंकन ही मोठी नर्तकी १९२७ साली नीसमध्ये गळ्यातला लांब स्कार्फ गाडीच्या चाकात अडकून गेली.

पैशांचा हिशेब असा, की निम्म्यापेक्षा जास्त रक्कम गाडीत घालायची नाही. टायर, पॅड, ट्रॅकची फी, ट्रकचं भाडं, हेल्मेट आणि आग विझवायचं नळकांडं यांना बाकीचे लागतात. अनेकजण भारी गाडी घेतात आणि ती अंगणात झाकून ठेवतात. लहान गाडी आणि वर्षाला सहा दिवस सराव, हे मोठ्या गाडीच्या एका दिवसापेक्षा चांगलं. आणि त्याहीआधी, शिकवणाऱ्या संस्था स्वतःची गाडी देतात, ती चालवून बघायची. आवडलं नाही तर पैसे वाचले.

आणि कागद. आपल्या गावात विचारतात ना, "गाडी कोना नाववर शे?" आपल्या बायका केळीच्या बागेत खपल्या, पण सातबाऱ्यावर नाव घरधन्याचं राहिलं. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली ती याचसाठी. १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली देशाने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला, तोही मागून मागून. गाडीचंही तेच. एमएच-१८ असो की एमएच-१९, पैसे तिचे असतील तर आरसी तिच्या नावावर, किल्ली तिच्या पर्समध्ये, आणि शेजारच्या सीटवर कोण बसेल ते तिने ठरवायचं. मी तिच्यासोबत एका शोरूममध्ये गेले होते. विक्रेता सगळा वेळ तिच्या भावाशी बोलत होता. तिने वजन विचारलं. त्याने रंग सांगितला.

आता 'कशाला'. तुमच्यापैकी कोणी म्हणेल, पाण्याचे टँकर येत नाहीत आणि ही पेट्रोल जाळते. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. मोटारशर्यत हा महाग खेळ आहे, आणि सगळ्या बायकांनी तो खेळावा असं माझं म्हणणं नाही. पण हाच हिशेब मुलाच्या बुलेटला, त्याच्या क्रिकेटच्या किटला कोणी लावत नाही. बाईने खर्च केला की तो घराला उपयोगी ठरला पाहिजे, शिलाई मशीन, मिक्सर, फार तर शाळेत सोडायला स्कूटी. नुसतं आवडतं म्हणून, अंगातलं कसब वाढवायला, हरायला आणि जिंकायला बाईने काही करायचं नाही का? शिवाय ज्यांना वेगाची हौस आहे त्यांनी ती बंदिस्त जागी भागवावी. हायवेवर शर्यत लावणं हा कलम १८९ खाली गुन्हा आहे, आणि त्याची किंमत सायकलवरून शाळेला जाणारी मुलं देतात.

हा खेळ बायकांना झेपत नाही, असं कोणी म्हटलं तर नावं सांगा. इटलीची लेला लोंबार्डी १९७५ साली फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवून गेली. फ्रान्सच्या मिशेल मूतोंने १९८१-८२ मध्ये जागतिक रॅलीच्या चार फेऱ्या जिंकल्या. आणि आपल्या पुण्याची डायना पुंडोले, शिक्षिका, दोन मुलांची आई, २०२४ मध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर सलून गटात राष्ट्रीय विजेती ठरली. राष्ट्रीय कार शर्यतीचं विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री.

शेवटी एक काम सुचवते. पुढच्या महिन्यात प्रत्येक गटाने एक रविवार काढावा. गटातल्या घरांत ज्या गाड्या, स्कूटी, ट्रॅक्टर आहेत त्यांची यादी करावी. पैसे कोणी भरले, नाव कोणाचं, चालवतं कोण, असे तीन रकाने. मग प्रत्येकीने चालकाच्या सीटवर बसून मनगट आणि गुडघा तपासावा आणि ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते विचारावं. याद्या पुढच्या बैठकीत आणा. पोटगी आणि रेशनकार्डाच्या विषयांसोबत त्यांवरही बोलू.