तानसेन होण्याआधी कानसेन



वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त याच नगरीत लावून दिला आहे. अशा भूमीतील मुलांनी कलेच्या साधनेत मागे राहण्याचे कारण नाही. तथापि अडचण खरी आहे. पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला मोठ्या गवयांच्या मैफली सहज ऐकायला मिळतात. रिसोड, मानोरा वा मंगरुळपीरच्या मुलाला तो योग क्वचितच लाभतो. परीक्षेपुरते राग येतात, ताना पाठ होतात; परंतु थोर गळ्यातून राग कसा उमलतो, हे कानांना ठाऊकच नसते. ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढणारे साधन म्हणजे ध्वनिमुद्रण.

भास्करबुवा बखले १९२२ साली निवर्तले. त्यांच्या गायनाचे मुद्रण उपलब्ध नाही. त्यांची थोरवी आज केवळ आठवणींतून आणि शिष्यपरंपरेतून जाणावी लागते. उलट अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले, तरी त्यांचा स्वर आजही ऐकता येतो. एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावणाऱ्या त्या तबकड्या! त्यांपैकी झिंझोटीतील एका ठुमरीची तबकडी गदगमध्ये एका दुकानात वाजत असताना बालवयातील भीमसेन जोशी यांच्या कानी पडली. असे गाता आले पाहिजे, या एकाच ध्यासाने १९३३ साली, अवघ्या अकराव्या वर्षी, त्यांनी घर सोडले. ग्वाल्हेर, जालंधर अशी वणवण करून ते अखेर कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या चरणी स्थिरावले. सवाई गंधर्व हे खाँसाहेबांचेच शिष्य. तबकडीने तहान लावली. ती भागली मात्र गुरुगृही.

कुमार गंधर्वांचे उदाहरणही असेच बोलके आहे. बालपणी ते थोरामोठ्यांच्या तबकड्या ऐकून हुबेहूब तसेच गात आणि श्रोते थक्क होत. परंतु ते त्या कौतुकावर थांबले नाहीत. मुंबईस प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे त्यांनी रीतसर विद्या घेतली आणि पुढे स्वतःची स्वतंत्र गायकी घडवली. नक्कल ही पहिली पायरी होऊ शकते. तिलाच गाभारा समजू नये.

मग ऐकावे कसे? आज एका भ्रमणध्वनीत हजारो मैफली सामावतात आणि त्यामुळेच एकही नीट ऐकली जात नाही. श्रवण, मनन आणि निदिध्यासन हा आपल्या परंपरेचा क्रम येथेही लागू पडतो. महिनाभर एकच राग आणि एकच मुद्रण घ्यावे. उदाहरणार्थ, उस्ताद अमीर खाँ यांचा मारवा. प्रथम हातातील सर्व कामे बाजूला ठेवून तो केवळ ऐकावा. दुसऱ्या वेळी गायकाच्या षड्जाशी तानपुरा जुळवून प्रत्येक स्वराचा मुक्काम पाहावा. तिसऱ्या वेळी लक्ष ठेक्यावर ठेवावे. मुखडा समेवर कसा येतो ते टिपावे. त्यानंतर एकच आलाप स्वतः गाऊन मुद्रित करावा आणि मूळ गायनाशी ताडून पाहावा. शेवटी तोच राग दुसऱ्या घराण्याच्या गायकाकडून ऐकावा, म्हणजे रागाचे काय आणि गायकाचे काय, हे उमगू लागते. जुन्या तबकड्यांची गती मुद्रणाच्या वेळेहून कमी-अधिक झाली की स्वर चढतो वा उतरतो, हेही ध्यानी असावे.

दरबारीचा कोमल गांधार पुस्तकात एका खुणेने दाखवता येतो. त्याचे आंदोलन मात्र कानांनीच घ्यावे लागते. तथापि मुद्रण ऐकवते, चूक दाखवत नाही. विद्यार्थ्याचा गांधार किंचित चढा लागला, तर ‘थांब, पुन्हा लाव’ असे तबकडी म्हणणार नाही. ते गुरूच म्हणेल. म्हणून गावातील शिक्षकाला टाळून ऐकू नये. जे ऐकले ते त्याच्यापुढे गाऊन दाखवावे.

पालकांसाठी एवढेच सांगणे की, मुलाचे प्रमाणपत्र भिंतीवर लावताना त्याच्या कानांचीही काळजी वाहावी. रोज सायंकाळी अर्धा तास दूरचित्रवाणी बंद असावी आणि त्या वेळात घरातील सर्वांनी मिळून एक राग ऐकावा. ‘तानसेन नाही तर निदान कानसेन’ असे आपण म्हणतो. पण तानसेन होणाऱ्यालाही आधी कानसेनच व्हावे लागते.